गुरुजींचे ‘सदर’

नगरच्या आरोग्य कचेरीत कानिफनाथ येळवंडे हेडक्लार्क होते, आणि आपण हेडक्लार्क आहोत हे ते घरीसुद्धा विसरत नसत. आमटीत मीठ कमी पडले तर ते बायकोला, गोजरबाईंना, ‘मिठाची बाब निदर्शनास आणावी लागते’ असे सांगत. गोजरबाई काही कमी नव्हत्या. ‘अर्ज करा, बघते’ म्हणत आणि मिठाची बरणी पुढे सरकवत.

नेमणुका, बदल्या, रजा आणि निवृत्ती हे टेबल येळवंड्यांकडे. जिल्हाभरातले कंपाउंडर, नर्सा आणि गावोगाव देवीची लस टोचत फिरणारे व्हॅक्सिनेटर, ज्यांना खेड्यात ‘देवीडॉक्टर’ म्हणत, या सगळ्यांची सेवापुस्तके त्यांच्या पाठीमागच्या कपाटात असत. कपाटाची किल्ली कडदोऱ्याला. कोणी येऊन काहीही सांगो, घर पडले म्हणो की म्हैस मेली म्हणो, येळवंडे शांतपणे उठत, पुस्तक काढत आणि म्हणत, “कागद काय म्हणतो बघू. माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलत नाही.” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवले होते की शिपाई भिमाजी ते त्यांच्या आधीच पुरे करी.

कागदावरची ही भक्ती वडिलोपार्जित होती. वडील रंगनाथ गुरुजी नेवासे तालुक्यात, सोनईच्या अलीकडे पिंपळवेढे नावाच्या गावी, शाळेवर एकटे मास्तर. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. शिकलेले पोर पुन्हा औताला जुंपलेले त्यांना बघवत नसे, म्हणून सातवी झालेल्या पोराला ते हाताला धरून नगरला आणत आणि देवी खात्यात चिकटवून देत. त्या खात्याचा कारकून त्यांचा दोस्त होता एवढेच कारण. त्यामुळे एकट्या पिंपळवेढ्याचे आठ देवीडॉक्टर झाले. नगर जिल्ह्यात एखाद्या गावाचे पैलवान नावाजलेले असतात, एखाद्याचे तमासगीर, पिंपळवेढ्याचे देवीडॉक्टर.

सन त्र्याहत्तरच्या जानेवारीत कचेरीला नव्या साहेब आल्या, डॉक्टर विजयमाला सबनीस. वय पस्तीस, चाल भरभर, आणि जेवणाच्या सुट्टीतही काम विचारायची वाईट खोड. आल्या आल्या त्यांनी येळवंड्यांना यंदा निवृत्त होणाऱ्यांची यादी मागितली. येळवंड्यांनी ती सुवाच्य अक्षरात करून समोर ठेवली. बाईंनी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

“येळवंडे, ही दहा माणसं एकाच गावची?”

“होय, बाईसाहेब.”

“आणि दहाही जणांचा जन्म एक जून एकोणीसशे पंधराचा?”

“कागदोपत्री तसंच आहे.”

“एका गावात एका दिवशी दहा बाळंतपणं! कोण हो ती सुईण? आपल्याकडे हवी होती.”

दारात उभा असलेला भिमाजी फिस्सकन हसला. येळवंडे हसले नाहीत. एक जून ही तारीख त्यांना नवी नव्हती. जूनमध्ये शाळा उघडते, पोराला घेऊन आलेल्या बापाला ‘आखाडात झालं’ यापलीकडे काही सांगता येत नाही, मास्तर एक जून टाकून मोकळा होतो. सरकारी दप्तरावर विसंबायचे तर महाराष्ट्रातल्या निम्म्या आया वर्षभर अवघडून बसत आणि एक जूनला मोकळ्या होत. तेव्हा तारखेचे नवल नव्हते. दहा जणांचे साल एकच कसे, हे मात्र येळवंड्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते. गुरुजींनी चौकशी करून लिहिले असणार, विषय संपला. यादीतले दहावे नाव त्यांचे स्वतःचेच होते. ते त्यांनी तळाला, जरा बारीक अक्षरात लिहिले होते.

एकतीस मेला अठ्ठावन्न पुरी होऊन आठ देवीडॉक्टर, एक नर्स आणि एक हेडक्लार्क एकदम घरी बसणार होते. आणि साल कसले, तर दुष्काळाचे. तळ्याच्या, रस्त्याच्या, खडी फोडायच्या कामांवर हजारो माणसे एका जागी गोळा झालेली, प्यायला टँकरचे पाणी, आणि कॉलऱ्याची धास्ती. प्रत्येकाच्या दंडात सुई गेली पाहिजे असा वरून हुकूम. नवी भरती झालेली पोरे शिकून यायला ऑगस्ट उजाडणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे येळवंड्यांनी बाईंना तीन पानी टिपणात कळवले. बाईंनी खाली लिहिले, ‘मार्ग सुचवा.’

देवीडॉक्टरांचे काहीतरी झाले असते. खरे घोडे पेंड खात होते ते भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या उपकेंद्रावर. तिथे सतरा वर्षे एकच नर्स टिकली होती, भागिरथीबाई. यादीत नववे नाव. तिच्या जागी येळवंड्यांनी तीन जणींचे हुकूम काढले. पहिलीच्या सासूला त्याच आठवड्यात पक्षाघात झाला. दुसरीचे लग्न ठरले. तिसरीने संगमनेरच्या एका बड्या माणसाची चिठ्ठी आणली, तिच्यात ‘बाई नाजूक आहेत’ एवढाच मजकूर होता. संगमनेरपर्यंत यायला सगळ्या तयार. तिथून पुढे घाटाचे नाव काढले की कुणाच्या पोटात दुखे, कुणाच्या गुडघ्यात. हुकूम हातात घेण्याआधीच आजारी पडण्याची ही कला येळवंड्यांनी तीस वर्षे पाहिली होती, पण एवढी साथ कधी आली नव्हती.

एप्रिलच्या एका दुपारी भागिरथीबाईच कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. काटक बांधा, हातात छत्री, पायात पुरुषी वहाणा. पिंपळवेढ्याला त्यांचे आणि येळवंड्यांचे घर एका भिंतीचे. त्यांनी खुर्ची ओढली, पदराने घाम पुसला आणि चार कारकुनांदेखत म्हणाल्या,

“कानिफदा, तुज्या बापानं मला चार वर्सं म्हातारी केली. ती माघारी दे.”

चारही लेखण्या थांबल्या.

“भागे, हळू बोल. ही कचेरी आहे.”

“कचेरी हाय म्हनून तर आले. माझा जल्म एकुनीसचा. मानमोडीची साथ झाली, गाव निम्मं झालं, त्याच्या म्होरल्या साली मी झाले. आई सांगायची. मी चोपन्न वर्सांची हाय, आन् तू मला अठ्ठावन्नची करून घरी धाडतोस व्हय?”

तिने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. तहसिलीतून आणलेला कोतवाल बुकाचा उतारा. सन १९१९, पिंपळवेढे, रखमाजीस मुलगी झाली. येळवंड्यांनी तो उलटसुलट पाहिला.

“यात नाव नाही. मुलगी एवढंच आहे. ही मुलगी तूच कशावरून?”

“मंग मी कोन? म्हैस?”

“नियम असा आहे,” येळवंडे घसा खाकरून म्हणाले, “की जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत मागायची. नंतर नाही. असे एकसष्ट अर्ज मी परत पाठवलेत.”

“मंग बासष्टावा मंजूर कर. सारखं ‘न्हाई न्हाई’ लिवून तुजा हात दुखत आसंल.”

पण मग ती एकदम गंभीर झाली. “दादा, सात वाड्यांत ह्या पावसाळ्यात अकरा बायका बाळंत हुनार हायेत. नावं घेऊन मोजल्यात मी. वढ्याला पानी आलं की तिकडं कोन फिरकत न्हाई. तुजी ती सासूवाली यील व्हय? आन् मी तरी कुठं जाऊ? नवरा गेला त्याला तीस वर्सं झाली, पोर न्हाई, बाळ न्हाई. मला डोंगर चढवतोय अजून.”

येळवंड्यांना वाईट वाटले. वाईट वाटणे नियमात बसत नाही म्हणून त्यांनी सेवापुस्तक उघडले. नियमात एक बारीक फट होती, ती त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितली: मूळ नोंद करताना लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल, आणि प्रत्यक्ष पाहिलेला कुणी तसा लेखी जबाब देईल, तर वयाचा विचार करता येतो.

“पण ती नोंद गुरुजींची आहे,” ते म्हणाले. “गुरुजींच्या हातून चूक?” हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला की त्याला उत्तर नसावे. मी स्वतः जाऊन दाखला बघून येतो, म्हणजे तुझीही खात्री पटेल, असे सांगून त्यांनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावले.

रविवारी ते एसटीने पिंपळवेढ्याला गेले ते वडिलांचे म्हणणे खरे करायलाच. हेडमास्तर गहिनीनाथ आढाव यांनी पत्र्याची पेटी उघडून जुने हजेरी-दाखला रजिस्टर काढून दिले. पान पिवळे पडले होते, अक्षर जसेच्या तसे. सर्वांत वर लिहिले होते: ‘कानिफनाथ रंगनाथ येळवंडे, जन्म १ जून १९१५.’ येळवंड्यांची छाती जरा भरून आली. मग त्यांनी खालची ओळ पाहिली. जन्मतारखेच्या रकान्यात एकच शब्द: ‘सदर’. म्हणजे वरच्याप्रमाणे. त्याच्या खाली, ‘सदर’. त्याच्या खाली, ‘सदर’. पानाच्या शेवटापर्यंत अठरा वेळा ‘सदर’, एकाखाली एक, अक्षर न अक्षर सुबक. आणि सर्वांत तळाशी: ‘भागिरथी रखमाजी, सदर.’

पानाखाली तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांची सही होती, डिसेंबर १९२३ ची. ती पाहिली आणि येळवंड्यांना तो दिवस आठवला. जुने रजिस्टर वाळवीने खाल्ले होते, डिप्टीसाहेब घोडीवरून सोनईपर्यंत आल्याची वर्दी आली होती, आणि वडील भल्या सकाळी मांडी घालून नव्या वहीत भराभर लिहीत होते. पट भरत नव्हता. एकही मुलगी नव्हती आणि साहेबांना मुली हव्या होत्या. गुरुजींनी आठ वर्षांच्या कानिफला शेजारी पिटाळले होते, “जा, रखमाजीची भागी घेऊन ये!” भागी होती चार वर्षांची. कानिफ तिला कडेवर घेऊन धापा टाकत शाळेत आला, आणि साहेबांनी ‘नाव काय बाळ?’ विचारताच भागीने कानिफचा नवा सदरा ओला केला. साहेब पोट धरधरून हसले आणि खूश होऊन शेरा लिहून गेले. त्या सदऱ्यावरून आईने धरलेला कान पन्नास वर्षांनी पुन्हा दुखल्यासारखा झाला.

गहिनीनाथ मास्तर पानावर वाकून म्हणाले, “गुरुजी बाकी लई हुशार! सगळा वर्ग तुमच्याच दिवशी जल्माला घातला की हो.”

येळवंड्यांनी पानाची रीतसर नक्कल मागून घेतली. परतीच्या एसटीत त्यांनी ती नक्कल दोनदा उघडून पाहिली. साक्षीदार शोधायची गरजच उरली नव्हती; गुरुजींना लिहिताना पाहिलेले माणूस एकच हयात होते, आणि ते कंडक्टरच्या मागच्या बाकावर बसले होते. जबाब द्यायचा म्हणजे काय लिहायचे, तेही त्यांना ठाऊक होते. माझ्या वडिलांनी सरकारी दप्तरात खोटे लिहिले, असे. ते वाक्य त्यांनी मनात मराठीत करून पाहिले, कचेरीच्या भाषेत करून पाहिले, ‘अनवधानाने’ हा शब्द घालून पाहिले. कसेही केले तरी ते वडिलांच्या तोंडात मारल्यासारखेच होते.

घरी गोजरबाईंनी सगळे ऐकून घेतले. “मामंजी माणूसच होते ना?” त्या म्हणाल्या. “का राजपत्र होते?”

“आणि उद्या आठही जण दारात उभे राहिले, आम्हालाही वर्षं द्या म्हणून, मग?”

“मग त्यांना चहा करीन,” गोजरबाई म्हणाल्या.

आठही जण मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपापले निवृत्तीचे कागद घेऊन खरोखरच कचेरीत आले. येळवंड्यांनी लपवाछपवी केली नाही. मनाचा हिय्या करून त्यांनी नक्कल टेबलावर पसरली आणि गुरुजींनी काय केले ते सांगितले. आता दंगा होणार म्हणून भिमाजी जवळ सरकला. आठ म्हाताऱ्यांनी पानावर डोकी घातली, ‘सदर’ मोजले, आणि हसत सुटले. त्यांच्यातले वडीलधारे रंभाजी देवीडॉक्टर डोळे पुसत म्हणाले,

“मास्तर लई गुनाचा मानूस! आवं, आमी कुनी वर्सं मागनार न्हाई. पस्तीस वर्सं सायकल हाणली, गुडघ्यात वंगन ऱ्हायलं न्हाई. आमचं सदर ते सदर. पन भागीचं काय ते बघा. त्या डोंगरात तिच्याबिगर हायेच कोन?”

येळवंड्यांनी ही संधी सोडली नाही. हेडक्लार्क शेवटी हेडक्लार्क. निवृत्तीनंतर पावसाळा होईस्तोवर दुष्काळी कामांवर रोजंदारीने सुया टोचायला याल का, असे त्यांनी तिथेच विचारले. रंभाजींनी अट घातली: सायकल नाही, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून. आठ माणसे पुढच्या सीटवर कशी बसणार, हा प्रश्न येळवंड्यांनी टिपणात मुद्दामच उपस्थित केला नाही. बाईंनी ‘मार्ग सुचवा’च्या खाली ‘मान्य’ लिहिले.

उरली भागिरथी. एकतीस मेला सकाळी येळवंडे बाईंसमोर उभे राहिले आणि सगळी हकीकत एका दमात सांगून मोकळे झाले. बाईंनी ती नक्कल पुढे ओढून वाचली.

“तुमचा जबाब आला की मी प्रस्ताव आजच मुंबईला पाठवते,” त्या म्हणाल्या. “आणि निर्णय होईपर्यंत भागिरथीबाईंनी आहे तिथेच काम करावं, असा हुकूम माझ्या सहीनं काढते. निर्णय यायला किती दिवस लागतील हो?”

येळवंड्यांनी असल्या फायलींचा प्रवास मनातल्या मनात मोजला. आयुष्यभर त्यांनी ज्या दिरंगाईला शिव्या दिल्या होत्या तिला त्यांनी त्या क्षणी हात जोडले.

“साधारण चार वर्षं, बाईसाहेब.”

ते टेबलाशी येऊन बसले. भागिरथी सकाळच्या गाडीनेच येऊन बाकावर बसून होती. निवृत्तीचे हार टेबलाच्या कडेला आले होते, पेढ्यांचा पुडा फुटला होता, कारकून आत-बाहेर करत होते. येळवंड्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिले:

‘सदर अर्जदार सन १९२३ मध्ये शाळेत दाखल झाल्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या. मी त्यांना स्वतः कडेवर घेऊन गेलो. माझे वडील कै. रंगनाथ येळवंडे, शिक्षक, यांनी पट भरण्यासाठी त्यांची जन्मतारीख चौकशी न करता, खोटी लिहिली.’

‘खोटी’वर लेखणी थोडी अडली, पण त्यांनी तो शब्द खोडला नाही. कागद भागिरथीपुढे केला. तिने चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. पुन्हा वाचला.

“खरं हाय,” ती म्हणाली. “पन निम्मंच हाय.”

“आता आणखी काय?”

“गुरुजींनी त्या दिवशी मला वढून नेली म्हनून माझं नाव पटावर आलं. पटावर आलं म्हनून बापाला मला धाडावी लागली. आमच्या आळीत दुसऱ्या कुन्या पोरीला अक्षर येत हुतं? इटाई आन् सुमन माझ्यापरीस हुशार हुत्या, त्या जल्मभर गवऱ्या थापत मेल्या. नवरा मेल्यावर गुरुजींनीच मला हाताला धरून नगरला सुईनकाम शिकाया घातली. खोटं लिवलं म्हनून मी लिवाया शिकले, दादा. ते बी लिव.”

“तसा रकाना नसतो, भागे. नियमाला त्याची गरज नाही.”

“नियमाला नसंल. मला हाय.”

पस्तीस वर्षांत येळवंड्यांनी नियमाला न लागणारे एकही वाक्य सरकारी कागदावर लिहिले नव्हते. त्यांनी कागद ओढून घेतला आणि खाली ओळ वाढवली: ‘त्या खोट्या नोंदीमुळेच अर्जदार शिकल्या, आणि आजवर त्यांच्या हातून चौदाशेच्या वर बाळंतपणे सुखरूप झाली आहेत.’ आकडा भागिरथीने सांगितला, तो त्यांनी तपासला नाही.

आता सही. एरवी ते ‘का. रं. येळवंडे’ अशी सही करून मोकळे होत. जबाबावर मात्र पुरे नाव लागते. त्यांनी ‘कानिफनाथ’ लिहिले आणि हात थांबला. आता वडिलांचे नाव लिहायचे होते, आणि तीन ओळी वर त्याच नावापुढे ‘खोटी’ हा शब्द पडलेला होता. त्यांचे डोळे भरून आले. भिमाजी पाहत होता, कारकून पाहत होते, त्याची त्यांना लाज वाटली नाही.

“लिही, दादा,” भागिरथी हळूच म्हणाली. “त्येंच्यामुळंच हावोत आपुन.”

येळवंड्यांनी ‘रंगनाथ’ लिहिले. सावकाश, एकेक वळण घोटून, गुरुजी पाटीवर घालून देत तसे. मग आडनाव, मग तारीख. कागदावर एक थेंब पडला, तो त्यांनी टिपकागदाने टिपला आणि जबाब भागिरथीच्या हातात दिला.

“जा, तूच आत नेऊन दे,” ते म्हणाले. “वाचता येतं तुला.”